उतारवयातील वजन, आहार आणि मेंदूचे आरोग्य

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात वर्षभराच्या कामाचा हिशेब असतोच. त्यासोबत लोकांच्या रोजच्या जगण्याशी निगडित असलेल्या एखाद्या आरोग्यप्रश्नाची सविस्तर माहिती द्यावी, असा आमचा प्रयत्न असतो. या लेखासाठी आम्ही निवडलेला विषय सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील जवळजवळ प्रत्येक घराला लागू पडणारा आहे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात वडीलधाऱ्यांना घेऊन येणारी मंडळी बहुधा दोन तक्रारी सांगतात. पहिली, "आईचे वजन फार वाढले आहे, गुडघे उचलत नाहीत." दुसरी, बहुतेक वेळा जाता जाता सांगितलेली, "हल्ली तिला काही लक्षात राहत नाही, पण ते वयामुळेच असेल." पहिल्या तक्रारीसाठी औषध मागितले जाते आणि दुसरी म्हातारपणाच्या खात्यावर टाकली जाते. या दोन तक्रारींचा परस्परांशी संबंध आहे. मात्र तो 'वजन घटवा म्हणजे स्मरणशक्ती वाढेल' इतका सरळ नाही. तो समजून न घेता केलेला उपाय कधी कधी मूळ दुखण्यापेक्षा अधिक हानी करतो. म्हणून हा खुलासा.

प्रश्न किती मोठा आहे?

भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून पुढे आला. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी ३९.५ टक्के व्यक्तींच्या पोटावर अवाजवी चरबी आहे आणि मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेली आहे.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली टाळता किंवा सुधारता येण्याजोगी चौदा कारणे नोंदविली. ही सर्व कारणे दूर करता आली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल, असे त्या आयोगाचे अनुमान आहे. मध्यमवयातील लठ्ठपणा, मधुमेह, उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि व्यायामाचा अभाव ही त्यांपैकी पाच होत. या पाचही गोष्टींचे मूळ बऱ्याच अंशी आपल्या स्वयंपाकघरात आणि आपल्या दिनक्रमात आहे.

दुष्काळ पाहिलेली पिढी

आज साठी ओलांडलेल्या आपल्या भागातील माणसांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठे महांकाळ या तालुक्यांत त्या वर्षी कित्येक कुटुंबांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या मिलोच्या भाकऱ्या थापल्या. पुढे कोयनेचे आणि कृष्णेचे पाणी कालव्यांतून, तसेच टेंभू, ताकारी, म्हैसाळ यांसारख्या उपसा योजनांतून शिवारात पोहोचू लागले. ऊस वाढला, द्राक्षबागा वाढल्या, हाती पैसा आला. ही प्रगती स्वागतार्हच आहे. परंतु तिच्याबरोबर ज्वारी-बाजरीची भाकरी मागे पडून गव्हाची चपाती आणि भात ताटात आले, पायी चालणे थांबून मोटारसायकल आली आणि दिवसातून पाच-सहा वेळा साखरेचा चहा आला. ज्या शरीराने लहानपणी टंचाई सोसली, त्याच शरीरावर पन्नाशीनंतर सुबत्तेचा भार पडला.

याचा परिणाम काय होतो, यावर पुण्यातच मोलाचे संशोधन झालेले आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो. आपली बाळे वजनाने, स्नायूंनी आणि पोटातील अवयवांच्या आकाराने लहान होती. चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. बाहेरून सडपातळ आणि आतून स्थूल अशी ही भारतीय देहयष्टी आहे. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांचे छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही वजन-उंचीचा निर्देशांक २२.३, परंतु डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा या दोघांतला फरक दाखवू शकत नव्हता.

म्हणूनच भारतीयांसाठी मोजमापाच्या मर्यादा वेगळ्या धरल्या जातात. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा निर्देशांक २३ च्या पुढे गेला तर वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला तर लठ्ठपणा, असे मानतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी ६४ किलो ही लठ्ठपणाची सीमा होय. परंतु उतारवयात पाठीला बाक येऊन उंची घटते आणि हा हिशेब फसतो. अशा वेळी साधी शिंप्याची टेप अधिक उपयोगी पडते. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

पोटाची चरबी मेंदूपर्यंत कशी पोहोचते?

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, परंतु शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटाच वापरतो. हा पुरवठा अतिशय बारीक रक्तवाहिन्यांतून होतो. पोटातील अवयवांभोवती साचलेली चरबी निष्क्रिय नसते. तिच्यातून दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात मिसळत राहतात, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, रक्तदाब आणि रक्तातील साखर वाढते. वर्षानुवर्षे असे चालले की मेंदूतील बारीक वाहिन्या कठीण आणि अरुंद होतात. पक्षाघाताचा मोठा झटका येण्यापूर्वीच अशा अनेक लहान लहान इजा नकळत होऊन गेलेल्या असतात. विचारांचा वेग मंदावणे, हिशेब चुकणे, पाऊल अडखळणे ही त्यांची लक्षणे. मोठ्याने घोरणाऱ्या स्थूल व्यक्तीचा झोपेत श्वास वारंवार अडत असेल, तर रात्रभर मेंदूला प्राणवायूही कमी पडतो. दिवसा डुलक्या येणाऱ्या आजोबांना आळशी ठरविण्यापूर्वी हा तपास करावयास हवा.

वजन आपोआप घटू लागले तर

येथवर वाचून, वजन जितके कमी तितके बरे, असे कोणासही वाटेल. परंतु उतारवयात हे गणित बदलते. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा २८ वर्षे पाठपुरावा करणाऱ्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पन्नाशीत लठ्ठ असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका अधिक होता. साठीत आणि सत्तरीत मोजलेल्या लठ्ठपणाचा मात्र असा संबंध दिसला नाही. उलट ज्यांना पुढे हा विकार जडला, त्यांचे वजन निदानाच्या सुमारे आठ वर्षे आधीपासून इतरांच्या तुलनेत घटू लागले होते. भूक मंदावणे, चव-वास कमी होणे, जेवल्याचे किंवा न जेवल्याचे न आठवणे यांमुळे असे घडू शकते.

याचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा आहे. सत्तरीतील व्यक्तीचे वजन काहीही प्रयत्न न करता घटत असेल, तर त्यात आनंद मानू नये. "आजी जरा बारीक झाली, बरे झाले," असे म्हणून गप्प बसू नये. मधुमेह हाताबाहेर जाणे, क्षयरोग, कर्करोग, नैराश्य, दातांचे दुखणे किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांहून अधिक, म्हणजे ७० किलोच्या व्यक्तीचे साडेतीन किलोंहून अधिक, आपोआप घटले तर तपासणी अवश्य करावी.

दुसरा धोका स्नायूंचा आहे. उपाशी राहून वजन घटविले की चरबीबरोबर स्नायूही जातात. तरुणाचे स्नायू पुन्हा भरतात, वृद्धाचे सहसा भरत नाहीत. पुढे वजन परत वाढले तरी वाढते ती बहुतांशी चरबीच. काट्यावर आकडा पूर्वीचाच दिसतो, पण खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. त्यातून पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि अंथरुणास खिळणे ही मालिका सुरू होते. अंथरुणास खिळलेल्या माणसाचा मेंदू किती झपाट्याने मावळतो, हे ज्यांनी घरात अनुभवले आहे त्यांना सांगावयास नको.

प्रयोगांनी काय दाखविले?

अमेरिकेत ६५ वर्षांवरील १०७ स्थूल व्यक्तींवर वर्षभर प्रयोग झाला. एका गटाने केवळ आहार सांभाळला, दुसऱ्याने केवळ व्यायाम केला, तिसऱ्याने दोन्ही केले आणि चौथ्याने काहीच बदलले नाही. शरीराची कार्यक्षमता दोन्ही करणाऱ्यांत सर्वाधिक सुधारली. बौद्धिक चाचणीतही आहार, व्यायाम किंवा दोन्ही करणाऱ्यांची स्थिती काहीच न करणाऱ्यांपेक्षा चांगली राहिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील प्रयोगात असे दिसले की, वजन घटविताना चालणे आणि स्नायूंना ताण देणारे व्यायाम असे दोन्ही केल्यास शरीराची कार्यक्षमता सर्वांत चांगली राहते.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षे वयाच्या १,२६० व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारे उपक्रम आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असा एकत्रित कार्यक्रम देण्यात आला. २०१५ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची बौद्धिक क्षमता केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारली. अमेरिकेत २,१११ व्यक्तींवर झालेल्या अशाच प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ साली आले. तेथे दोन्ही गटांत सुधारणा झाली, पण नियमित मार्गदर्शन आणि पाठपुरावा लाभलेला गट पुढे राहिला.

निराशाजनक निष्कर्षही येथे नोंदविणे आमचे कर्तव्य आहे. मेंदूसाठी म्हणून खास आखलेल्या आहाराचा ६०४ वजनदार वृद्धांवर तीन वर्षे प्रयोग झाला. दोन्ही गटांत खाणे थोडे कमी करून सरासरी सुमारे ५ किलो वजन घटले, परंतु खास आहार घेणाऱ्यांची बुद्धी दुसऱ्या गटापेक्षा लक्षणीय सरस ठरली नाही. मधुमेह असलेल्या पाच हजारांहून अधिक स्थूल व्यक्तींच्या दुसऱ्या मोठ्या प्रयोगातही अनेक वर्षे वजन घटविण्याचे प्रयत्न करूनही स्मृतिभ्रंशाचे प्रमाण घटलेले दिसले नाही. २०२५ पासून भारतात वजन घटविणारी नवी इंजेक्शने मिळू लागली आहेत. त्यांतील एका औषधाची अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांवर चाचणी झाली, पण त्याने विकाराचा वेग मंदावला नाही, असे त्याच वर्षाच्या अखेरीस जाहीर झाले. ही औषधे वृद्धांनी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कदापि घेऊ नयेत.

या सर्वांचा मथितार्थ असा : एखादा पदार्थ, एखादी गोळी किंवा नुसता काट्यावरचा आकडा मेंदू वाचवीत नाही. पुरेसा पौष्टिक आहार, स्नायूंचा वापर, रक्तदाब व साखरेवर नियंत्रण आणि माणसांत मिसळणे ही चार कामे एकत्र आणि चिकाटीने करावी लागतात. ती पन्नाशीत सुरू झाली तर उत्तम, परंतु सत्तरीतही व्यर्थ जात नाहीत.

आपल्याच ताटात काय आहे?

त्यासाठी परदेशी तेल किंवा महागडी फळे आणण्याची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, तांदुळजा, शेपू, मेथी, अंबाडी, जवसाची आणि कारळ्याची चटणी, घरचे ताक हा आहार आपल्या आजीला ठाऊक होता. त्यात तंतुमय पदार्थ आहेत, प्रथिने आहेत आणि जवसातून मेंदूस उपयुक्त अशी स्निग्धाम्लेही मिळतात.

वृद्धांच्या आहारात सर्वाधिक कमी पडतात ती प्रथिने. दर किलो वजनामागे रोज सुमारे १ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ६० किलोच्या स्त्रीस ६० ग्रॅम. तीन भाकऱ्यांतून सुमारे १५ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळीतून १४, अर्धा लिटर दूध-दह्यातून १६, मूठभर शेंगदाण्यांतून ६ आणि दोन अंड्यांतून १२ ग्रॅम मिळाली की ही गरज भागते. अंडी वर्ज्य असल्यास त्यांऐवजी २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या चालतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

कमी करावयाचे ते साखर, तेल, मीठ आणि मैदा. दिवसाकाठी पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तरी सुमारे ५० ग्रॅम साखर केवळ चहातून जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुचविलेली मर्यादा दिवसाला २० ते २५ ग्रॅम आहे. गुळाचा चहा हा यावरचा उपाय नव्हे, कारण गुळातही मुख्यतः साखरच असते. मिठाची मर्यादा ५ ग्रॅम, आणि त्यात लोणचे, पापड, खर्डा यांतील मीठही मोजावयाचे. साताऱ्याचे कंदी पेढे आणि सांगलीचे भडंग यांवर आमचा राग नाही. सणावारी त्यांचा आस्वाद घ्यावा, रोज नको. सांगलीच्या हळदीविषयीही वारंवार विचारणा होते. स्वयंपाकात ती अवश्य असावी. हळदीच्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश टळतो, असे मात्र भक्कम चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही.

उपवास, गोळ्या आणि एक जीवनसत्त्व

आपल्या भागात वारकरी परंपरा मोठी आहे. एकादशी, श्रावण, चातुर्मास श्रद्धेने पाळले जातात आणि त्या श्रद्धेचा आम्हांस आदर आहे. परंतु मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते. असे वारंवार झाल्यास मेंदूस इजा होते. दुसरीकडे, दिवसभर साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि शेंगदाण्याचे लाडू खाल्ल्यास तो उपवास राहत नाही आणि साखर मात्र वाढते. उपवासाआधी गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्यावे. दिवसातून दोनदाच जेवण्याचे किंवा धान्य पूर्ण बंद करण्याचे प्रयोगही वृद्धांनी ऐकीव माहितीवर करू नयेत.

शाकाहारी ज्येष्ठांसाठी आणखी एक बाब अत्यंत महत्त्वाची आहे. जीवनसत्त्व बी-१२ कमी पडले की विसरभोळेपणा, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसतात. पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६७ टक्के व्यक्तींमध्ये हे जीवनसत्त्व कमी आढळले. मधुमेहासाठी दिले जाणारे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ते आणखी घटते. विसरण्याच्या ज्या थोड्या कारणांवर वेळेवर उपचार केल्यास पुष्कळ गुण येऊ शकतो, त्यांपैकी हे एक होय. थायरॉइडचा दोष आणि नैराश्य हीही त्याच यादीत येतात. म्हणून 'वयामुळेच असेल' हे निदान या तपासण्यांच्या आधी नव्हे, नंतर करावयाचे असते.

कुटुंबीयांना विनंती

घरातील ज्येष्ठांचे वजन आणि कमरेचा घेर महिन्यातून एकदा लिहून ठेवावा. वजन घटवावयाचेच असेल तर सहा महिने ते वर्षभरात ५ ते १० टक्के, आठवड्याला अर्ध्या किलोहून अधिक नाही, इतकेच उद्दिष्ट ठेवावे. रोज अर्धा तास चालणे आणि आठवड्यातून दोन-तीनदा हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे जमेल तसे करवून घ्यावे. ऐकू कमी येत असेल किंवा मोतीबिंदू झाला असेल तर उपचार लांबवू नयेत. तेही त्या चौदा कारणांपैकीच आहेत.

आणखी एक गोष्ट आम्ही नम्रपणे सुचवितो. अनेक घरांत आजी सर्वांच्या शेवटी जेवते आणि उरलेला भात-आमटी हेच तिचे जेवण असते. तिचे वजन जास्त दिसते म्हणून ती चांगली जेवते असे समजू नये. उसळीची वाटी तिच्या ताटात आधी वाढावी आणि तिच्यासोबत कोणीतरी बसून जेवावे. खाणे सुधारते, बोलणे होते आणि विसरणे वाढत असेल तर ते वेळीच ध्यानात येते.

रुग्णालयाचे काम आणि आपला सहभाग

वर उल्लेखिलेल्या प्रयोगांत ज्यांना यश आले, त्यांच्यामागे नियमित भेटी आणि पाठपुरावा होता. चिठ्ठीवर 'वजन कमी करा' असे लिहून हे काम होत नाही. वजन-घेर मोजण्याची व्यवस्था, हाताच्या पकडीची ताकद पाहणारे यंत्र, श्रवणतपासणी, शाळेत न गेलेल्यांनाही समजेल अशी स्मृतिचाचणी आणि रुग्णाच्या घरची भाकरी-भाजी विचारून सल्ला देणारी आहारतज्ज्ञ एवढ्या गोष्टी एका ठिकाणी असाव्या लागतात. बी-१२ ची रक्ततपासणी परवडत नाही म्हणून पुढे ढकलणारे रुग्ण आजही आम्हांस भेटतात. शस्त्रक्रियागृहास किंवा नव्या इमारतीस दिलेली देणगी डोळ्यांना दिसते. एखाद्या आजीचे न पडणे, एखाद्या आजोबांनी नातवाचे नाव न विसरणे अशा देणगीची कोनशिला कोठेही बसत नाही. तरीही आमच्या देणगीदारांनी आणि विश्वस्तांनी अशा न दिसणाऱ्या कामाला आजवर बळ दिले आहे. ज्येष्ठांच्या या कामासाठीही त्यांचा हात पुढे येईल, असा विश्वास आम्ही बाळगतो.